परिषदेचा पैसा जातो कुठे? फैजपूर ते भारत मंडपम

मागच्या भागाच्या शेवटी मी म्हटलं होतं की या वेळी हॉटेलांबद्दल बोलू. बोलूच, पण सुरुवात एका बिलापासून करते.

माझे बाबा दिल्लीत पहाडगंजला छोटा छापखाना चालवायचे. एक ट्रेडल मशीन, दोन कंपोझिटर आणि कागदाचे गठ्ठे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळाच्या गणपतीची हँडबिलं, असं किरकोळ काम. १९८३ च्या मार्चमध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची सातवी शिखर परिषद भरली. ७ ते १२ मार्च, विज्ञान भवनात. जवळजवळ शंभर देशांची शिष्टमंडळं आली होती. फिडेल कॅस्ट्रोंनी इंदिरा गांधींना भर मंचावर मिठी मारली ती हीच परिषद. बाबांना एका ठेकेदाराच्या हाताखालच्या ठेकेदाराकडून काम मिळालं: जेवणाच्या टेबलांवरची नावांची कार्डं आणि मेन्यूकार्डं. तीन रात्री मशीन थांबलं नाही. आई कंपोझिटरांसाठी मध्यरात्री खिचडी टाकायची.

परिषद झाली, पाहुणे गेले. बाबांनी बिल दिलं. पैसे आले पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर, तेही काटछाट करून. कागदवाला मात्र एवढं थांबणार नव्हता. त्याची उधारी बाबांनी व्याजाने पैसे उचलून फेडली.

त्या बिलाची कार्बन कॉपी माझ्याकडे अजून आहे. मी इतिहास शिकले, पुढे शिकवला, आणि जेव्हा जेव्हा वाचलं की अमुक परिषदेमुळे शहराला इतक्या कोटींचा फायदा झाला, तेव्हा मला ती कॉपी आठवली. म्हणजे फायदा खोटा असतो असं नाही. बाबांना काम मिळालं होतं हे खरंच. पण ‘शहराला’ म्हणजे नेमकं कुणाला, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. आजचा भाग त्याबद्दल आहे.

तर आधी थोडं मागे जाऊ. लोक एका गावी जमतात, चार दिवस राहतात, खातात, खरेदी करतात, हे आपल्याला नवीन नाही. यात्रा-जत्रांचं अर्थकारण तेच. पण कामासाठी, ठरावांसाठी, धंद्यासाठी भरणारी आधुनिक परिषद वेगळी. तिचे पाहुणे पैसेवाले असतात, तारीख ठरलेली असते, आणि मुख्य म्हणजे ती एका गावाहून दुसऱ्या गावी हलवता येते. १८८५ चं उदाहरण घ्या. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं. सार्वजनिक सभेने तयारी केली होती. ऐन वेळी पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि अधिवेशन मुंबईला गेलं, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. प्रतिनिधी ७२. तारीख २८ डिसेंबर, म्हणजे नाताळची सुट्टी. प्रतिनिधींत वकील बरेच, आणि कोर्टं बंद असल्याशिवाय वकील गाव सोडत नाही! आजही परिषद भरवणारे याच दोन गोष्टी आधी बघतात, गावात साथ-गडबड नाही ना, आणि पाहुण्यांना सुट्टी आहे ना.

परिषद हलवता येते, म्हणजे ती आपल्याकडे ओढताही येते. हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या लोकांनी लवकर ओळखलं. तिथल्या मिल्टन कारमायकेल या पत्रकाराने १८९६ च्या फेब्रुवारीत लिहिलं की इतके व्यापारी-कारखानदार आपल्या शहरात सभांना येतात, मग त्यांना बोलावण्यासाठी शहराने संघटित प्रयत्न का करू नये? त्यातून शहरासाठी परिषदा मिळवणारी पहिली संस्था उभी राहिली. आपल्याकडे असं काम करणारी इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरो १९८८ मध्ये आली. आज या सगळ्या धंद्याला ‘माइस’ म्हणतात. मीटिंग, इन्सेंटिव्ह, कॉन्फरन्स, एक्झिबिशन यांची आद्याक्षरं. नाव उंदरांचं वाटतं, पण उलाढाल हत्तीची आहे.

आपल्याकडे धंदा आणि परिषद यांची गाठ काँग्रेसच्याच मांडवात पडली. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरलं आणि मग तो रिवाजच झाला. अहमदाबाद, मद्रास, मुंबई, दर वर्षी अधिवेशनाच्या शेजारी प्रदर्शन. १९०५ ला बनारसमध्ये तर पहिली इंडियन इंडस्ट्रियल कॉन्फरन्सच भरली, रमेशचंद्र दत्त अध्यक्ष. भाषण ऐकायला आलेला माणूस बाहेर पडताना हातमागाचं कापड बघत होता. स्वदेशीचा विचार आणि स्वदेशीचं गिऱ्हाईक एकाच आवारात.

पण या सगळ्यांत मला जास्त विचार करायला लावतं ते फैजपूर. खानदेशातलं, आजच्या जळगाव जिल्ह्यातलं, यावल तालुक्यातलं. डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तोपर्यंत अधिवेशनं मोठ्या शहरांत होत. गांधीजींनी आग्रह धरला की खेड्यात करायचं आणि खेड्याच्या सामानातच करायचं. शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले. बांबू, चटया, गवत, आसपासच्या कारागिरांचे हात, यांतून ‘टिळकनगर’ उभं राहिलं. शेजारी खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन.

आपण हे बहुतेक वेळा साधेपणाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती हिशेबाची गोष्ट वाटते. धरा, एक पाहुणा तुमच्या गावात १०० रुपये खर्च करतो. तंबू मुंबईहून, खुर्च्या पुण्याहून आणि आचारी इंदूरहून आणलेला असेल, तर त्या शंभरातले बरेचसे रुपये आल्या गाडीने परत जातात. गावाच्या हाती लागतात ते चहाचे आणि टांग्याचे. तेच बांबू गावचा, चटई गावची, दूध गावचं असेल, तर रुपया गावातच फिरतो. बुरुड वाण्याकडे जातो, वाणी शिंप्याकडे, शिंपी शाळेची फी भरतो. बाहेर वाहून जाणाऱ्या पैशाला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. फैजपूरला गळती कमीत कमी ठेवायचा प्रयत्न होता, हा शब्द तिथे कुणी वापरला असो वा नसो. अर्थात दुसरी बाजूही सांगायला हवी. टिळकनगर उतरवलं, बांबू सुटले, आणि फैजपूरला बाजारपेठ म्हणून त्यातून कायमचं काही उभं राहिलं नाही. मांडव स्वस्त असतो, कारण तो मांडव असतो.

यानंतर वीसच वर्षांनी आपण मांडवाकडून इमारतीकडे वळलो. आता दिल्लीला या.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोची नववी सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरायची ठरली. ५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर, एक महिना. अध्यक्षपदी मौलाना आझाद. जगभरातून प्रतिनिधी येणार, आणि स्वतंत्र भारताच्या राजधानीकडे ना एवढं सभागृह, ना एवढ्या खोल्या. इम्पीरियल होतं, मेडन्स होतं, अशी काही हॉटेलं होती, पण ती पुरणार नव्हती. मग दोन इमारती घाईघाईने उभ्या राहिल्या. सभेसाठी विज्ञान भवन आणि मुक्कामासाठी अशोक हॉटेल.

विज्ञान भवनाचे वास्तुरचनाकार आर. पी. गेहलोत. दर्शनी भागाला चैत्याच्या घाटाची मोठी कमान आहे. कार्ल्याला किंवा अजिंठ्याला गेलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते. मला तर लहानपणी ती आपल्याकडूनच नेलेली वाटायची. अशोक हॉटेल चाणक्यपुरीत. त्यासाठी सुमारे २५ एकर जमीन जम्मू-काश्मीरच्या करण सिंहांनी दिली, आराखडा मुंबईच्या बी. ई. डॉक्टरांचा, खर्च सुमारे ३ कोटी. काम कुठवर आलंय ते बघायला नेहरू घोड्यावरून फेरी मारायचे असं दिल्लीतली जुनी माणसं सांगतात.

आता विचार करा. दुसरी पंचवार्षिक योजना त्याच वर्षी सुरू झाली होती. पोलाद हवं, यंत्रं हवीत, परकीय चलन आटत चाललंय. आणि सरकार आलिशान हॉटेल बांधतंय! मी विद्यार्थिनी असताना मला याचा राग यायचा. आता येत नाही, आणि का येत नाही तेही सांगते. एक महिन्याच्या परिषदेसाठी बांधलेली ही वास्तू पुढे दशकानुदशकं राबली. परदेशी पाहुणे डॉलर-पौंड घेऊन तिथे उतरले. तिथे काम शिकलेले आचारी, वेटर, व्यवस्थापक पुढे देशभरातल्या हॉटेलांत गेले. १९६६ मध्ये भारत पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढे अशोक हेच त्याच्या हॉटेलांतलं मोठं नाव ठरलं. विज्ञान भवन तर आजही वापरात आहे. म्हणजे परिषदेचा खर्च त्या एका महिन्यावर टाकला तर उधळपट्टी दिसते. पुढच्या हजारो दिवसांवर वाटला तर चित्र बदलतं. कुठल्याही परिषद-इमारतीबद्दल माझा पहिला प्रश्न आता तोच असतो. उरलेले अकरा महिने इथे कोण येणार आहे?

१९७२ मध्ये स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली आणि दिल्लीत ‘एशिया ७२’ हा आशियाई व्यापार मेळा भरला. मथुरा रोडच्या त्या भागात आधीही प्रदर्शनं झाली होती. १९५९ च्या जागतिक कृषी मेळ्याला तर खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. पण प्रगती मैदान हे नाव आणि रूप मिळालं ते ७२ ला. तिथलं ‘हॉल ऑफ नेशन्स’ राज रेवल यांनी रचलं, आणि ते उभं राहील कसं हे गणित अभियंता महेंद्र राज यांनी सोडवलं. एवढ्या मोठ्या छतासाठी जगात पोलादी सांगाडा वापरत. आपल्याकडे पोलाद महाग आणि टंचाईचं. मग तोच सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवर, मजुरांच्या हातांनी ओतला. फैजपूरचा बांबू आणि दिल्लीचं हे काँक्रीट यांत मला नातं दिसतं. जे आपल्याकडे आहे ते वापरा, म्हणजे पैसा मजुरीतून इथेच राहील.

इथे राहतो म्हणजे मजुराच्याच हातात राहतो असं मात्र नाही. दहा वर्षांनी एशियाड आलं. ती क्रीडास्पर्धा होती, परिषद नव्हे, पण दिल्लीतली स्टेडियमं, उड्डाणपूल आणि त्या लाटेत आलेली हॉटेलं पुढे परिषदांच्याच कामी आली, म्हणून सांगते. बांधकामावरच्या मजुरांना कायद्याने दिवसाला ९ रुपये २५ पैसे मिळायला हवे होते. जमादार त्यातला १ रुपया दलाली म्हणून कापून घ्यायचे आणि हातात पडायचे ८ रुपये २५ पैसे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखालची सक्तीची मजुरीच आहे. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही शिकतात. मला त्यातला तो १ रुपया लक्षात राहतो. ‘रोजगारनिर्मिती’ म्हणून जो आकडा छापला जातो त्यात तो मजूर मोजलेला असतो, पण तो रुपया कुणाच्या खिशात गेला हे त्यात नसतं. बाबांच्या बिलातली काटछाटही तशीच.

१९८३ ला दिल्लीने दोन शिखर परिषदा पचवल्या. मार्चमधली मी सांगितली. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद झाली, आणि तिचे पाहुणे मधल्या विश्रांतीसाठी गोव्याला गेले. गोव्यातल्या मंडळींना हे चांगलं आठवत असेल. सिंकेरीला आग्वाद किल्ल्याजवळच्या हॉटेलात मार्गारेट थॅचरसकट सगळे उतरले. टेकडीवर खास बंगले बांधले गेले, रस्ते सुधारले. दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम, पण जगभरच्या वर्तमानपत्रांत गोव्याचा समुद्रकिनारा झळकला. पुढच्या काही वर्षांत युरोपातून चार्टर विमानं थेट दाबोळीला उतरू लागली. सगळं त्या एका परिषदेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. किनारे आधीही होते आणि हिप्पी आधीही येत होते. पण पंचतारांकित गोव्याची जाहिरात तिथे फुकटात झाली, हे खरं.

आणि त्याच दशकाच्या अखेरीस ‘जागृत गोंयकारांची फौज’ रस्त्यावर उतरली, चार्टर पर्यटनाच्या विरोधात. त्यांच्या तक्रारींत मोठी तक्रार पाण्याची होती. हॉटेलांच्या तलावांना पाणी आहे आणि गावच्या विहिरी आटताहेत. गोव्याला फायदा झाला का? झाला. हॉटेलात नोकरी लागलेल्या मुलाला विचारा, टॅक्सीवाल्याला विचारा. विहिरीवरच्या बाईला विचारलंत तर वेगळं ऐकाल. दोघंही खरंच बोलत असतात.

आता जवळच्या काळात येते. २४ एप्रिल २०१७ च्या पहाटेपर्यंत हॉल ऑफ नेशन्स जमीनदोस्त झालं होतं. जगभरच्या वास्तुरचनाकारांनी विनंत्या केल्या होत्या. उपयोग झाला नाही. इमारत ४५ वर्षांची झाली होती. तिच्या आवारात नवं संकुल आलं. सुमारे २७०० कोटींचा प्रकल्प. २६ जुलै २०२३ ला ‘भारत मंडपम’चं उद्घाटन झालं आणि ९-१० सप्टेंबरला तिथे जी-२० ची शिखर परिषद. जुनी इमारत पाडण्याबद्दल माझं मत कडू आहे, ते मी लपवत नाही. पण दिल्लीला हजारो माणसं एका छताखाली बसवणारं सभागृह हवं होतं, हेही खरं. जगातली मोठी वैद्यकीय किंवा तंत्रज्ञान परिषद इथे यायची तर आधी जागा लागते.

जी-२० च्या वर्षभरात देशातल्या ६० शहरांत २०० हून अधिक बैठका झाल्या. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, हैदराबाद, इंदूर. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावात दुभाजक रंगले असतील, कुंड्या आल्या असतील. काही कुंड्या नंतर गेल्याही असतील!

दिल्लीत ८ ते १० सप्टेंबर सार्वजनिक सुट्टी होती. नवी दिल्ली जिल्ह्यात दुकानं, बँका, कचेऱ्या बंद. औषधं, दूध-भाजी तेवढी चालू. गोल मार्केटजवळ माझ्या चुलत भावाचं स्टेशनरीचं दुकान आहे. दादाने तीन दिवस शटर खाली ठेवलं. कामावरच्या पोराला पगार दिला, पण रस्त्यावरच्या छोले-कुलचेवाल्याला कोण देणार? मी दादाला म्हटलं, अरे, देशाची प्रतिष्ठा असते, पुढे व्यापार वाढतो, परिषदा येतात. तो हसला. म्हणाला, “येऊ देत ना. मी कुठे नको म्हणतोय? फक्त तुम्ही लोक हिशेब मांडता तेव्हा माझे तीन दिवसही मांडा.”

अर्थशास्त्राला हे माहीत नाही असं नाही. नीट केलेल्या अभ्यासात पाहुण्यांनी खर्च केलेल्या रकमेतून बऱ्याच गोष्टी वजा करायच्या असतात. जो पाहुणा तसाही येणारच होता त्याचा खर्च परिषदेच्या खाती धरायचा नाही. परिषदेमुळे खोली न मिळालेला पर्यटक परत गेला, त्याचं नुकसान धरायचं. बंद दुकानांची विक्री धरायची. गळती वजा करायची, बंदोबस्ताचा खर्च वजा करायचा. पण परिषदेच्या आधी जे आकडे जाहीर होतात ते बहुधा ती मिळवण्यासाठी किंवा तिचं समर्थन करण्यासाठी केलेले असतात, त्यात ही वजाबाकी क्वचितच असते. आणि परिषद संपल्यावर मोजायला कुणाला वेळ नसतो, कारण सगळे पुढच्या परिषदेच्या मागे असतात.

चांगली उदाहरणंही आहेत. २०२३ च्या जानेवारीत इंदूरला प्रवासी भारतीय दिवस भरला. हॉटेलांच्या खोल्या अपुऱ्या, तेव्हा काही पाहुण्यांना इंदूरकरांनी आपल्या घरी उतरवून घेतलं. पोहे-जिलबी, सराफ्याची रात्रीची फेरी, सगळं यजमानांबरोबर. तीन दिवसांसाठी नवं हॉटेल बांधण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं. आपली साहित्य संमेलनं अशीच तर भरत आली, प्रतिनिधी कुणाच्या तरी ओसरीवर! पाहुणा घरी राहिला की त्याचा पैसा हॉटेलसाखळीच्या मुख्यालयात जात नाही, फरसाणवाल्याकडे आणि रिक्षावाल्याकडे जातो. हजारोंच्या परिषदेला हे पुरणार नाही, मान्य.

दर वर्षी १४ नोव्हेंबरपासून प्रगती मैदानात भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. मी शक्यतो चुकवत नाही. महाराष्ट्राच्या दालनात बचतगटांच्या बायका असतात, कोल्हापुरी चपला असतात, पैठणी असते. दिल्लीतली मराठी घरं तिथे मसाल्यासाठी रांगा लावतात. गेल्या खेपेला काळ्या मसाल्याच्या स्टॉलवरच्या एका ताईंशी बोलत बसले होते. त्या सोलापूरकडच्या. पहिल्यांदाच इतक्या लांब आल्या होत्या. मी विचारलं, “खर्च वजा जाता काही उरतं का हो?” म्हणाल्या, “हितं काय लय उरत न्हाई. जाण्या-येण्यातच जातंय. पन गेल्या साली हितं एक बाई आल्या होत्या, गुडगावच्या, त्यांचं दुकान हाय. त्या आता दर म्हैन्याला माल मागवत्यात.”

मग मी तो प्रश्न विचारलाच, जो बाबांमुळे माझ्या तोंडी बसलाय. पैसे कधी येतात?

ताईंनी ओट्याखालून मोबाइल काढून मला मेसेज दाखवला. माल पोचला त्याच संध्याकाळी.

पुढच्या भागात हॉटेलांच्या स्वयंपाकघरात शिरू. नमस्कार.